शिक्षकांचे शिक्षक : ख्वाजा गुलामुस्सय्यदैन



पदवी परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : आता पुढे काय? ज्याला चांगले गुण मिळाले त्याने स्पर्धा परीक्षेला बसावे, वकील व्हावे, परदेशी जावे, असे सारेच सुचवतात. यातले काहीच जमले नाही, तर बी.एड.चा अर्ज भरून टाकावा, असा सल्ला शेवटी कुणीतरी देतो. मुलगी असेल तर लग्न ठरेपर्यंतची सोय म्हणूनही हा अर्ज भरला जातो. ज्यांच्या हाती आपण आपली मुले सोपवणार, त्यांच्या निवडीबाबत आपण इतके बेफिकीर का? हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी मरहूम ख्वाजा गुलामुस्सय्यदैन यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

पानिपत म्हटले की आपल्याला १७६१ सालचे युद्ध आठवते. त्याच पानिपतात १९०४ साली सय्यदैन साहेबांचा जन्म झाला. 'मुसद्दस' लिहून झोपलेल्या समाजाला जागे करणारे थोर उर्दू कवी मौलाना अल्ताफ हुसैन हाली हे त्यांच्या आईचे आजोबा. हालींनी स्वतः दिल्लीच्या शाळेत अध्यापन केले होते. वडील ख्वाजा गुलामुस्सकलैन वकील होते आणि समाजसुधारणेसाठी 'अस्र-ए-जदीद' नावाचे मासिक चालवीत. त्यांच्या भगिनी सालेहा आबिद हुसैन पुढे उर्दूतील नामवंत लेखिका झाल्या. म्हणजे घरात पुस्तकांना तोटा नव्हता. पण १९१५ साली वडील वारले, तेव्हा हा मुलगा जेमतेम दहा-अकरा वर्षांचा होता. बापाचे छत्र गेलेल्या घरात शिक्षण चालू ठेवणे किती कठीण असते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ते शिक्षण थांबले नाही. पानिपतहून ते अलीगढला गेले आणि मुस्लिम विद्यापीठात एक हुशार विद्यार्थी म्हणून पुढे आले.

१९२३ साली त्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळून इंग्लंडला जाण्याची संधी आली. त्या काळी विलायतेला जाणाऱ्या तरुणाकडून दोनच अपेक्षा असत : एक तर त्याने आय.सी.एस. व्हावे, नाहीतर बॅरिस्टर होऊन परत यावे. सय्यदैन लीड्स विद्यापीठात दाखल झाले ते शिक्षक होण्याची विद्या शिकायला. तेथे त्यांनी शिक्षणशास्त्राची पदविका घेतली आणि पाठोपाठ एम.एड. ही पदवीही मिळवली. वय होते विशीच्या आसपास.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ज्याच्यापुढे इतर वाटा मोकळ्या होत्या, त्याने ही वाट पहिली म्हणून निवडली. शिवाय विषय येणे वेगळे आणि तो शिकवता येणे वेगळे, ही गोष्ट त्याने तरुणपणीच ओळखली. गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा पदवीधर आठवीच्या वर्गात उभा राहतो आणि मागच्या बाकावरच्या मुलाला अपूर्णांक का समजत नाही, हे त्याला उमगत नाही, असे आपण अनेकदा पाहतो. मुलाचे मन कसे चालते, प्रश्न कसा विचारावा, पाठाची आखणी कशी करावी, या गोष्टी शिकाव्याच लागतात. प्रशिक्षण असते ते त्यासाठी.

मायदेशी परतल्यावर ते अलीगढच्या अध्यापक महाविद्यालयात रुजू झाले आणि तरुण वयातच तेथील प्राचार्य झाले. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना घडवणे हेच आता त्यांचे काम झाले. याच काळात त्यांचा आपल्या महाराष्ट्राशी पहिला महत्त्वाचा संबंध आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिने डॉ. झाकिर हुसैन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर यांच्या बरोबरीने सय्यदैन साहेबही तिचे सभासद होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाच्या आधाराने, अशी योजना या समितीने देशापुढे ठेवली.

पुढे १९३८ ते १९४५ या काळात ते जम्मू-काश्मीर संस्थानाचे शिक्षण संचालक होते. नंतर रामपूर संस्थानात आणि १९४७ पासून सुमारे तीन वर्षे मुंबई सरकारचे शिक्षण सल्लागार म्हणून त्यांनी काम केले. १९५० मध्ये ते केंद्रीय शिक्षण मंत्रालयात गेले आणि शिक्षण सचिवपदापर्यंत पोहोचले.

तुमच्या माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत जवळचे कार्य मात्र दोन आयोगांवरचे आहे. माध्यमिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी १९५२ साली मुदलियार आयोग नेमला गेला. सय्यदैन त्याचे सभासद होते. माध्यमिक शाळेचा शिक्षक कसा तयार व्हावा, याविषयी या आयोगाने स्पष्ट शिफारशी केल्या. पदवीधरांचे प्रशिक्षण विद्यापीठांशी जोडलेले असावे. ते सध्या एक वर्षाचे असले तरी पुढे दोन वर्षांचे व्हावे. प्रशिक्षणार्थींकडून फी घेऊ नये, उलट त्यांना विद्यावेतन द्यावे. प्रत्येकाने एखादा तरी अभ्यासेतर उपक्रम चालवायला शिकावे. एम.एड.ला प्रवेश देताना साधारण तीन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव पाहावा. शिक्षकाला निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा या तिन्हींचे संरक्षण मिळावे. स्वतः सय्यदैन यांनी अगदी तरुणपणी एम.एड. केले होते, आणि ज्या आयोगावर ते बसले त्याने मात्र आधी वर्गात उभे राहा, मग वरची पदवी घ्या, असे सांगितले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

१९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगावरही ते होते. अध्यापक महाविद्यालये विद्यापीठाच्या जीवनापासून आणि शाळांपासून तुटलेली आहेत, ही तुटकता दूर झाली पाहिजे, यावर त्या आयोगाने भर दिला.

कामाच्या या रगाड्यात त्यांची लेखणी थांबली नाही. इक्बाल यांच्या शिक्षणविचारावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ गाजला. 'आंधी में चिराग' या उर्दू पुस्तकाला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६७ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे काय झाले? बी.एड. दोन वर्षांचे व्हायला २०१५ साल उजाडावे लागले. बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आता सुरू झाला आहे. फी मात्र आजही भरावी लागते, आणि गरीब घरातील होतकरू मुलगी तेथेच अडते.

म्हणून, मित्रांनो, बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. माझा विषय मला इतका येतो का, की मी तो पुस्तक न उघडता सोपा करून सांगू शकेन? मुलांच्या सहवासात माझा जीव रमतो का? प्रशिक्षणातील सराव पाठ मी उपस्थितीपुरते उरकणार, की त्यातून शिकणार? उत्तरे मनासारखी आली तर अर्ज बेधडक भरा, आणि तो पहिल्या पसंतीचा म्हणून भरा. मनात शंका असेल तर एखाद्या शाळेत किंवा मोहल्ल्यातील अभ्यासवर्गात काही महिने शिकवून पाहा.

पालकहो, तुमचा सर्वांत हुशार मुलगा किंवा मुलगी शिक्षक व्हायचे म्हणत असेल, तर त्याला हसू नका, तिला अडवू नका. आणि समाजातील सुस्थितीतील बंधूंनी एखाद्या प्रशिक्षणार्थीची दोन वर्षांची फी उचलली, तर त्या एका शिक्षकाच्या हाताखालून पुढे तीस वर्षांत किती मुले शिकून जातील, याचा हिशेब करून पाहावा. सय्यदैन साहेबांचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग नाही.