येवल्याचे तात्या टोपे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखादे थोर चरित्र लिहावे, असे चिटणीसबाईंनी मला सुचविले, तेव्हा झाशीच्या राणीचे नाव आपोआपच पुढे आले. पण राणीची कथा आपल्या घराघरांतून मुलींना तोंडपाठ आहे. तिच्या बरोबरीने लढलेला, तिच्या मागे दहा महिने झुंज चालू ठेवणारा आणि शेवटी आपल्या सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाला येऊन थांबलेला पुरुष मात्र आपल्याला केवळ नावानेच माहीत असतो. म्हणून मी सेनापती तात्या टोपे यांच्याविषयी लिहायचे ठरविले.

पैठणी घ्यायला आपल्यापैकी कितीतरी जणी मालेगाव-मनमाडवरून येवल्याला जाऊन आल्या असतील. तेच तात्यांचे गाव. रामचंद्र पांडुरंग येवलेकर हे त्यांचे मूळ नाव, आणि जन्म १८१४ च्या सुमाराचा. चार वर्षांनी पेशवाई बुडाली. दुसरे बाजीराव गंगाकाठी ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला, जाऊन राहिले. त्यांच्या आश्रयाला असलेल्या पांडुरंगरावांचे बिऱ्हाडही तिकडेच गेले. टोपे हे नाव कसे पडले याच्या दोन कथा आहेत. बाजीरावांनी मानाची टोपी दिली म्हणून, असे कोणी म्हणतात. तोफखान्यावर काम केले म्हणून, असे दुसरे. मला पहिली अधिक गोड वाटते, इतकेच.

बाजीराव १८५१ साली वारले आणि कंपनी सरकारने त्यांचे आठ लाखांचे वर्षासन त्यांचे दत्तकपुत्र नानासाहेब यांना नाकारले. जून १८५७ मध्ये कानपूरची फौज उठली, तेव्हा तात्या नानांच्या पदरी होते. लष्करी शिक्षण असे त्यांना कोणी दिलेले नव्हते, आणि वयाची चाळिशी उलटून गेली होती.

भगिनींनो, कानपूरविषयी एक गोष्ट टाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. २७ जूनला सतीचौरा घाटावर, शब्द देऊन बाहेर काढलेल्या इंग्रजांवर गोळीबार झाला आणि १५ जुलैला बिबीघरात कोंडलेल्या दोनशेच्या आसपास बायकामुलांची कत्तल झाली. तात्यांनी आपल्या अखेरच्या जबानीत या हत्यांशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. घाटावरच्या प्रसंगाबद्दल इतिहासकारांचे एकमत नाही. पुढे इंग्रजांनी गावेच्या गावे जाळून जो सूड उगवला, तो कमी भयंकर नव्हता. पण एका अंगणातल्या रक्ताने दुसऱ्या अंगणातले रक्त धुतले जात नाही, असे मला बाईमाणूस म्हणून वाटते.

तात्यांचे खरे कर्तृत्व यानंतरचे. ग्वाल्हेरची कवायती पलटण त्यांनी आपल्या बाजूला वळविली, काल्पीला ठाणे केले आणि २६ ते २८ नोव्हेंबर १८५७ या तीन दिवसांत जनरल विंडहॅमला हटवून कानपूर शहर घेतले. ६ डिसेंबरला सर कॉलिन कॅम्पबेलने ते परत जिंकले. हे असेच पुढे चालायचे होते. पुढच्या वर्षी चरखारी घेऊन त्यांनी चोवीस तोफा आणि तीन लाख रुपये मिळविले आणि वेढ्यात सापडलेल्या झाशीच्या मदतीला वीस हजारांवर माणसे घेऊन धावले. १ एप्रिल १८५८ रोजी बेतवाकाठी सर ह्यू रोजने अवघ्या दीड हजार लोकांनिशी त्यांचा मोड केला. राणीने तटावरून ती आशा मावळताना पाहिली असेल. कोंचला पुन्हा हार, काल्पीही गेली.

मग तात्यांनी जे केले, त्याला तोड नाही. ते गुपचूप ग्वाल्हेरला गेले आणि शिंद्यांचे शिपाई आतून फितवून ठेवले. १ जूनला शिंदे महाराज लढायला बाहेर पडले, तर त्यांची फौजच समोरच्यांना जाऊन मिळाली! महाराज आग्र्याला पळाले, किल्ला आणि खजिना एका दिवसात हाती आला. पण लगेच दरबार, मेजवान्या यांत मोलाचे दिवस गेले. १७ जूनला राणी पडली, चार दिवसांत ग्वाल्हेरही गेले.

इथे दुसरा कोणी असता तर संपला असता. तात्यांनी समोरासमोरची लढाई सोडून गनिमी कावा धरला. तंबू नाहीत, मोठे सामान नाही, तट्टावर बसून रातोरात कोसच्या कोस कापायचे. मागे इंग्रजांच्या चार-पाच तुकड्या चार दिशांनी. ऑगस्टमध्ये बनास नदीवर हरले, तोफा गमावल्या. झालरापाटणला तीसवर नव्या तोफा मिळविल्या. राजगडला त्याही टाकाव्या लागल्या. हजारो माणसांना रोज भाकरी कुठून मिळत होती, हे कुठल्याच बखरीत नाही. त्या त्या गावच्या बायकांनी पहाटे जाती ओढल्याशिवाय ही दौड झाली नसणार!

ऑक्टोबरअखेर त्यांनी नर्मदा ओलांडली आणि मुंबई सरकारची झोप उडाली. पेशव्यांचे निशाण दक्षिणेत दिसले असते तर काय झाले असते, याची इंग्रजांना चांगली कल्पना होती. मुलताईहून नागपूरची वाट बंद दिसताच तात्या पश्चिमेला वळले आणि नोव्हेंबरात निमाडात खरगोणला आले. खरगोण म्हणजे आपल्या शिरपूरच्या डोंगराच्या पलीकडचा मुलूख. मधे फक्त सातपुडा. त्याच डोंगरात सेंधव्याच्या घाटाचा राखणदार खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी भिल्लांना उठविले होते. पण ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या लढाईत ते बळ मोडले होते. त्या दिवशी भिल्ल स्त्रियांनाही धरून नेले. तात्या सात महिने उशिरा आले. हे दोन प्रवाह वेळेवर मिळाले असते तर खानदेशचा इतिहास निराळा झाला असता, असे मला वाटते.

घाट रोखलेले होते. तात्यांनी आग्रा-मुंबई रस्ता ओलांडताना तारायंत्राच्या तारा तोडल्या, राजपूरला झुंज देऊन पुन्हा नर्मदा पार केली. १ डिसेंबरला छोटा उदेपूरला पराभव. मग बांसवाड्याचे रान, जानेवारी १८५९ मध्ये सीकरला अखेरची मोठी हार. थोड्या सोबत्यांनिशी ते नरवरच्या मानसिंगाच्या आश्रयाने पाडोणच्या जंगलात राहिले. ७ एप्रिलच्या रात्री त्याच मानसिंगाने त्यांना झोपेत पकडून दिले. रणात जे नऊ महिने कोणाला साधले नाही, ते मित्राकडून झाले.

शिवपुरीला १५ एप्रिलला लष्करी न्यायालय बसले. आपण पेशव्यांचे चाकर, इंग्रजांचे प्रजाजन नव्हतो, तेव्हा राजद्रोह कसला, असे त्यांचे म्हणणे होते. १८ एप्रिल १८५९ रोजी संध्याकाळी त्यांना फाशी दिले. पकडलेला माणूस तात्या नव्हतेच, असे मानणारेही आहेत आणि तसे ग्रंथही निघाले आहेत. मला मात्र कागदपत्रांतील हकीकत खरी वाटते. पायांतल्या बेड्या तोडल्यावर ते आपणहून चौकटीवर चढले, असे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. स्वतःसाठी त्यांनी काही मागितले नाही. ग्वाल्हेरला असलेल्या आपल्या घरच्या माणसांना आपल्यापायी त्रास होऊ नये, त्यांची सरकारने काळजी घ्यावी, एवढेच मागणे त्यांनी केले.