कर्मचारी टिकवायचे कसे? जमशेटजी टाटांनी नागपुरात शोधलेले उत्तर

कर्मचारी टिकत नाहीत, ही तक्रार आयटी कंपन्यांपुरती नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जमशेटजी टाटांपुढेही हाच प्रश्न होता.

३ मार्च १८३९ रोजी नवसारीत जन्मलेल्या जमशेटजींनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जवळच पिकत होता. अडचण होती कामगारांची. गिरणीच्या शिस्तीची सवय नसल्याने अनेक जण वरचेवर दांड्या मारत.

मग काय केले?

नियमित येणे आणि टिकून राहणे कामगाराच्याच फायद्याचे ठरावे, अशी व्यवस्था जमशेटजींच्या गिरणीत उभी राहिली.

- १८८६: पेन्शन फंड
- १८९५: कामावरील अपघाताची भरपाई
- १९०१: प्रॉव्हिडंट फंड

शिवाय हवा खेळती ठेवण्याची सोय आणि चांगल्या कामासाठी बक्षिसे.

महत्त्व काय?

देशात अपघात भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला, पीएफचा १९५२ मध्ये. जमशेटजींचे निधन त्याआधीच, १९ मे १९०४ रोजी जर्मनीत झाले होते.

आज पीएफ कायद्यानेच मिळतो आणि नोकरी बदलली तरी सोबत नेता येतो. त्यामुळे केवळ पीएफच्या जोरावर माणसे थांबत नाहीत. कायद्यापलीकडे कंपनी काय देते, हा जमशेटजींच्या काळातला प्रश्न मात्र कायम आहे.