मिखायलो द्राहोमानोव : माणसापासून राज्यघटनेपर्यंत

नागरिकशास्त्रात मूलभूत हक्कांचा धडा आला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. हे हक्क आपल्याला सरकारने दिले का? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, अशा एका युक्रेनी शिक्षकाची आज ओळख करून घेऊया.

मिखायलो द्राहोमानोव यांचा जन्म १८४१ साली पोल्टावा प्रांतातल्या हाद्याच या गावी झाला. तेव्हा युक्रेनचा बराचसा भाग रशियाच्या झारच्या ताब्यात होता आणि पश्चिमेकडचा गॅलिशिया ऑस्ट्रियाकडे. कीव विद्यापीठात शिकत असताना ते रविवारच्या शाळेत गोरगरिबांना शिकवायला जात. १८६२ मध्ये सरकारने या शाळाच बंद केल्या. माणसं लिहा-वाचायला शिकली, तर त्याचीही भीती!

पुढे त्याच विद्यापीठात ते प्राचीन इतिहास शिकवू लागले. व्होलोदिमिर अँटोनोविच यांच्यासोबत त्यांनी युक्रेनी ऐतिहासिक लोकगीतांचे दोन खंड प्रसिद्ध केले. राजांच्या नोंदींत न सापडणारा सामान्य लोकांचा इतिहास त्यांना या गाण्यांत दिसला. कोसॅक लोक सभा भरवून आपला प्रमुख निवडत, त्या परंपरेत त्यांना स्वराज्याचं बीज दिसलं.

हे सरकारला कसं रुचणार? १८७५ मध्ये त्यांची नोकरी गेली. १८७६ मध्ये झारने एम्स इथून काढलेल्या हुकुमाने युक्रेनी पुस्तकं छापण्यावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. द्राहोमानोव जिनिव्हाला गेले आणि तिथून 'ह्रोमादा' हे युक्रेनी प्रकाशन काढू लागले. ह्रोमादा म्हणजे समुदाय.

१८८४ मध्ये त्यांनी 'मुक्त संघ' नावाचा राज्यघटनेचा मसुदा प्रसिद्ध केला. त्याची मांडणी बघा. आधी माणसाचे हक्क, त्यात आपली भाषा वापरण्याचा हक्कही आला. मग गाव, तालुका आणि प्रांत यांचं स्वतःचं कामकाज, आणि सगळ्यात वर संघराज्य. म्हणजे सत्ता वरून खाली झिरपत नाही, ती खालून वर जाते. भाषा वाचली पण माणूस गुलामच राहिला, तर अशी मुक्ती अपुरी, असं त्यांचं म्हणणं होतं. चांगल्या ध्येयासाठी खून आणि दहशत चालते, हेही त्यांना मान्य नव्हतं.

अशा मतांमुळे झार तर विरोधात होताच, पण जवळचेही दुरावले. कीवच्या मित्रांकडून येणारी आर्थिक मदत १८८६ मध्ये थांबली. परदेशात, संसार पाठीशी आणि हाती पैसा नाही, तरी त्यांनी मतं बदलली नाहीत. १८८९ मध्ये बल्गेरियात सोफिया इथे त्यांना पुन्हा शिकवण्याची संधी मिळाली. शेवटच्या काळात त्यांची भाची, प्रसिद्ध कवयित्री लेस्या उक्राइन्का त्यांच्याजवळ होती. १८९५ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. मायदेशी परतणं काही झालं नाही.

१९१७ मध्ये कीवमध्ये 'मध्य राडा' स्थापन झाली, तेव्हा तिने आधी मागणी केली ती स्वायत्तता आणि संघराज्याचीच. आज कीवमधल्या, शिक्षक घडवणाऱ्या एका विद्यापीठाला द्राहोमानोव यांचं नाव आहे.

तर मुलांच्या प्रश्नाला त्यांचं आयुष्य काय उत्तर देतं? हक्क आधी माणसाचे असतात. सरकारने द्यायचे नसतात, जपायचे असतात. पुढच्या तासाला ही गोष्ट वर्गात जरूर सांगा, घरीही सांगा.