पुण्यश्लोक अहिल्यादेवी आणि त्यांची खासगी

आपल्या माढा तालुक्यातून वाहणारी सीना नदी वरच्या अंगाला जामखेड तालुक्यातील चौंडी गावावरून येते. त्या लहानशा गावी माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्यादेवींचा जन्म झाला. जीर्णोद्धार म्हटले की महाराष्ट्रात पहिले नाव त्यांचे निघते. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित होईल.

सुभेदार मल्हारराव होळकरांनी पाटलाच्या या मुलीला आपली सून करून नेले. वैभव दारी आले, पण संसारसुख फार दिवस टिकले नाही. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. देवी सती जाण्यास निघाल्या, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना परावृत्त केले व पुढे कारभारात तयार केले. १७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक पुत्र मालेराव गेला. होळकरांच्या दौलतीवर डोळा ठेवून राघोबादादा चालून आले. परंतु देवींनी धीर सोडला नाही आणि दादांना परत फिरावे लागले. नर्मदेकाठच्या महेश्वरी राहून त्यांनी सुमारे अठ्ठावीस वर्षे राज्य केले.

होळकरांच्या घरी पैशाच्या दोन वाटा होत्या. एक दौलतीची, म्हणजे राज्याची. तिच्यातून फौजफाटा व कारभार चाले. दुसरी खासगीची. सासूबाई गौतमाबाईंच्या नावे पेशव्यांनी दिलेले हे उत्पन्न त्यांच्या पश्चात अहिल्यादेवींकडे आले. ते त्यांचे स्वतःचे होते. दागदागिन्यांत घातले असते तरी कोणी विचारले नसते. त्यांनी मात्र त्यावर तुळशीपत्र ठेवून ते धर्मकार्याला अर्पण केले, असे सांगतात. रयतेच्या पैशाने आपले पुण्य वाढवावयाचे नाही, दान करावयाचे ते आपल्या पदरचे, हा त्यांचा दंडक होता.

या धनातून १७८० साली काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहिले. सोमनाथास नवे मंदिर झाले. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार झाला. पंढरपूरचा होळकर वाडा तर आपण वारीला गेलो की पाहतोच. पण देवींचा धर्म देवळापाशी थांबला नाही. ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे झाली. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी रस्त्यावर माणसे नेमलेली असत. नांगराच्या बैलालाही शेतात पाणी पाजले जाई. शेतकरी पिकावरून पाखरे हाकतो, म्हणून पाखरांसाठी उभी शेते विकत घेतल्याचे नमूद आहे. महेश्वरी विणकर आणून वसविले; त्या लुगड्यांवर तेथील घरे आजही चालतात.

खरगोणची एक हकिगत विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तेथील दोन सावकार बंधू निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवा सर्व संपत्ती घेऊन देवींच्या पायाशी आल्या. देवींनी ती घेतली नाही. ते धन तुमचे आहे, तुमच्याच गावी लोकांच्या उपयोगी लावा, असा सल्ला त्यांनी दिला. त्या बायांनी खरगोणला नदीवर घाट बांधला व गणपतीचे देऊळ उभारले. श्रीमंताला लुबाडून धर्म होत नाही, त्याच्या मनात धर्म जागवावा लागतो, हे यातून दिसते.

उतारवयात नातू गेला, १७९१ मध्ये जावई गेले आणि कन्या मुक्ताबाई सती गेली. एवढे दुःख पचवूनही अन्नछत्रे चालूच राहिली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी देवींनी देह ठेवला. आज सोलापूरच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे आणि २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली.

टेंभुर्णी ही हमरस्त्यावरची बाजारपेठ. येथे कोणी उसावर वर आला, कोणी व्यापारात, कोणी पुण्या-मुंबईच्या नोकरीत. मिळवावे, घरदार नीट करावे, यात गैर काही नाही. मात्र त्यातला एक वाटा प्रत्येकाने आपली खासगी म्हणून बाजूला काढावा. त्यातून देवळाचा चिरा बसावा, तशी एखाद्या गरीब पोराची फीही भरली जावी. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असावा आणि दान आपल्या कष्टाचे असावे. देवींच्या चरित्रातून एवढे घेतले, तरी या जीर्णोद्धाराचे खरे सार्थक होईल.