विश्लेषण : पैसा नाही, करिअर नाही, तरीही डॉक्टर होणारे आओ फुटबॉल का खेळले?

क्रीडागुण, राखीव जागा, व्यावसायिक करार... आज महाविद्यालयात खेळणाऱ्यांना अशी अनेक आमिषे असतात. यातले काहीही नसताना वैद्यकीय शाखेचा एक विद्यार्थी खेळत राहिला आणि स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचा पहिला ऑलिम्पिक कर्णधार झाला. ते होते डॉ. तालिमेरेन आओ. फुटबॉलवर एवढे प्रेम असूनही त्यांनी त्यालाच आयुष्य का मानले नाही?

डॉक्टर होण्याचे का ठरवले?

आओ यांचा जन्म १९१८ मध्ये नागा टेकड्यांमधील चांगकी गावचा. वडील धर्मोपदेशक होते. मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची इच्छा. टायफॉइडने वडील गेले आणि ती इच्छा मुलासाठी जबाबदारी बनली.

खेळ आणि अभ्यास एकत्र कसे चालले?

गुवाहाटीच्या कॉटन महाविद्यालयात शिकताना ते तिथल्या महाराणा क्लबकडून खेळत. १९४२ मध्ये कोलकात्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. हेच आजचे आर. जी. कर महाविद्यालय. पुढच्याच वर्षी ते मोहन बागानमध्ये दाखल झाले आणि नंतर कर्णधारही झाले. तेव्हाचा भारतीय फुटबॉल हौशी होता. मैदानातून पोट भरण्याची सोय नव्हती आणि भविष्याची वाट अभ्यासातून ठरलेली होती. त्यामुळे खेळायला खेळाची ओढ एवढेच कारण उरत होते.

लंडनमध्ये काय झाले?

१९४८ च्या ऑलिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यात भारताचा ध्वज आओ यांच्या हाती होता. ३१ जुलैला इलफर्डच्या मैदानावर फ्रान्सशी सामना झाला. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते. सारंगपाणी रमण यांनी बरोबरीचा गोल केला, पण दोन पेनल्टी वाया गेल्या. अखेरच्या क्षणांत फ्रान्सने गोल करून सामना २-१ असा जिंकला. हार पत्करूनही या संघाने प्रेक्षकांची मने जिंकली. आर्सेनल या इंग्लिश क्लबने आओ यांना खेळण्यासाठी विचारले होते आणि शिक्षण अर्धवट असल्याने त्यांनी नकार दिला, असे सांगितले जाते.

पुढे काय?

१९५० मध्ये ते एमबीबीएस झाले. कोलकात्यात राहून नावलौकिक मिळवणे शक्य होते, पण ते ईशान्येकडे परतले. १९५३ मध्ये कोहिमाच्या शासकीय रुग्णालयात साहाय्यक सिव्हिल सर्जन म्हणून रुजू झाले. पुढे नागालँडचे आरोग्य सेवा संचालक झाले आणि १९७८ मध्ये निवृत्त झाले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची गोष्ट आज का महत्त्वाची?

खेळ की अभ्यास, हा प्रश्न आजही घरोघरी वादाचा ठरतो. आओ यांना दोन्हींची किंमत मोजावी लागली. खेळत असताना पदवी लांबली आणि पदवी मिळाल्यावर मोठ्या मैदानांचा निरोप घ्यावा लागला. पण फुटबॉलकडून त्यांनी नोकरी किंवा पैसा मागितलाच नव्हता. म्हणूनच ऐन बहरात असलेला खेळ मागे ठेवून त्यांना रुग्णांकडे वळता आले.