बोटांनी पाहिलेल्या बोटी

आमच्या सासूबाईंना काचबिंदू झाला, त्याला आता तीन वर्षं होतील. कळलं तेव्हा उशीर झाला होता. डाव्या डोळ्यानं काहीच दिसत नाही, उजव्यानं नुसत्या सावल्या. मग घरोघरी होतं तेच आमच्याकडेही झालं. आधी त्यांच्या हातातली विळी गेली, मग गॅसपाशी जाणं बंद झालं, मग दुधाचा हिशेब माझ्याकडे आला. सगळं प्रेमापोटीच हं! पण एकदा मी मेथी निवडत होते आणि त्या समोर हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या, ते बघून मलाच कसंतरी झालं.

त्याच सुमारास माझी भाची सुट्टीवर आली. ती अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात असते. राज्य म्हणायचं, पण आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहूनही लहान! तिथे समुद्राकाठी ब्रिस्टल नावाचं गाव आहे. तिथल्या बोटींच्या संग्रहालयाचे फोटो ती दाखवत होती आणि मी हो हो करत चहा गाळत होते. बोटींशी माझा काय संबंध? पण बोलता बोलता ती म्हणाली की, या बोटींचा कारखाना काढणारा माणूस पूर्ण आंधळा होता. माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. तेव्हापासून या जॉन ब्राऊन हेरेशॉफनं मला जी ओढ लावली, ती अजून सुटलेली नाही. मिळेल ते वाचलं. आज तुम्हाला त्याची गोष्ट सांगते.

हेरेशॉफ हे नाव जरा परकं वाटतं ना? आजोबा प्रशियातून, म्हणजे आजच्या जर्मनीच्या भागातून, अमेरिकेत आले होते. ऱ्होड आयलंडमधल्या जॉन ब्राऊन नावाच्या गडगंज व्यापाऱ्याच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. या पणजोबांचंच नाव आपल्या जॉनला मिळालं. पणजोबांचा पैसा जहाजांवरचा होता आणि त्यात गुलामांच्या व्यापाराचाही वाटा होता, हे सांगायला हवं. आजोबांनी मात्र लोखंडाच्या धंद्यात हात पोळून घेतले आणि १८१९ मध्ये स्वतःचा जीव दिला. घराण्याची श्रीमंती ओसरली, पण समुद्राकाठची शेतीवाडी राहिली. तिथेच २४ एप्रिल १८४१ रोजी जॉनचा जन्म झाला. एकूण नऊ भावंडं.

वडिलांना बोटींचं वेड. एक बोट बांधायची, ती जुनी झाली की दुसरी, आणि नाव दरवेळी एकच, ज्युलिया. ज्युलिया म्हणजे त्यांची बायको, या नऊ जणांची आई. नऊ मुलांच्या रगाड्यात त्या माउलीला आपल्या नावाच्या बोटीत बसून वारा खायला किती वेळा मिळालं असेल, असा प्रश्न माझ्या मनात आलाच.

जॉनची नजर लहानपणापासूनच अधू होती. चौदा-पंधरा वर्षांचा होईपर्यंत ती पूर्ण गेली. त्या वेळी त्याच्या हातात एक छोटी बोट होती, अर्धवट बांधलेली. काही महिने तो अगदी खचला होता. मग एक दिवस उठला आणि ती बोट पुरी करायला लागला.

इथे मी थांबले, कारण त्या घराचं कौतुक वाटलं. करवत, रंधा, पटाशी, सगळी धारेची हत्यारं. आंधळ्या मुलाच्या हातात ती राहू देणं म्हणजे आईबापांनी काळजावर दगड ठेवणंच की! मी तर सासूबाईंकडून साधी विळी काढून घेतली. अर्थात त्या घरात अंधत्व जॉनपुरतं नव्हतं, इतर भावंडांवरही ती वेळ आली. धाकटा लुईसही आंधळा झाला आणि पुढे नौकानयनावर लेख लिहू लागला. पोटापाण्याची भ्रांत नव्हती, जमीन होती, मुलासोबत बोट बांधायला वडिलांकडे वेळ होता, हेही खरंच. मजुराच्या घरात असं झालं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती.

जॉनहून सात वर्षांनी धाकटा नॅथॅनिएल, घरातला नॅट. हा जॉनचे डोळे झाला. बोट पाण्यात घातली की सुकाणूपाशी दोघं बरोबर. वारा कुठून आहे, दुसरी बोट किती लांब आहे, खडक कुठे आहे, हे पोरगं सांगणार आणि मोठा भाऊ शीड सैल करायचं की ताणायचं ते ठरवणार. १८६० मध्ये जॉननं वडिलांच्या मदतीनं ‘स्प्राइट’ नावाची वीस फुटी बोट बांधली. तिची मापं काढली होती नॅटनं, वय वर्षं बारा! ती स्प्राइट अजून आहे. भाचीच्या फोटोंत होती, बुटकी आणि पोटाशी रुंद, आपल्या परातीसारखी पसरट.

आता आंधळा माणूस बोट बांधतो म्हणजे नेमकं काय करतो, हे मला कळेना. ते असं. कागदावर नकाशा काढण्याआधी लाकडाच्या ठोकळ्यातून बोटीचं छोटं मॉडेल कोरायचं. तेसुद्धा अर्धंच, उभा चिरलेला बदाम असतो ना तसं. बोटीच्या दोन्ही बाजू सारख्याच असणार, मग दुसरी कशाला कोरायची? पुढे नॅट ही मॉडेलं कोरायचा आणि जॉनच्या हातात द्यायचा. जॉन टोकापासून शेपटीपर्यंत बोटं फिरवायचा. पुढे, मागे, परत पुढे. इथे फुगवटा जास्त झालाय, इथे पाणी अडेल, इथे अजून थोडं तासायला हवं, हे त्याला बोटांनी कळायचं. दोघांचं एकमत झालं, की त्या मॉडेलवरून मापं घेऊन खरी बोट आखली जायची. आपण नाही का, कणीक सैल आहे की घट्ट हे बघायला दिवा लावत नाही!

१८६३ मध्ये, बाविसाव्या वर्षी, जॉननं स्वतःचा धंदा सुरू केला. नॅट तोवर बॉस्टनला इंजिनिअरिंग शिकला, मग प्रॉव्हिडन्स शहरात वाफेची इंजिनं बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत नोकरीला लागला. चांगली पगारी नोकरी. पण सुट्टीच्या दिवसांत आणि रात्री जागून तो भावासाठी आराखडे करत राहिला. अखेर नोकरी सोडून तो घरी आला आणि १८७८ मध्ये दोघा भावांनी हेरेशॉफ मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी केली. आखणी नॅटची आणि बाकी सगळं जॉनचं. बाकी सगळं म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलणं, लाकूड-पितळ-दोर विकत घेणं, कामगार लावणं आणि किंमत ठरवणं.

मला सगळ्यात नवल वाटलं ते या किमतीचं. गिऱ्हाईक येऊन कशी बोट हवी ते सांगणार आणि जॉन ऐकता ऐकता मनातल्या मनात लाकूड किती, धातू किती, मजुरी किती, हे सगळं मांडून आकडा सांगणार. ना पाटी, ना पेन्सिल. हातात घेऊन लाकडाची जात ओळखायचा. व्यवहाराला एकदम कडक. नॅट अबोल होता, लोकांत रमायचा नाही. पुढे जगानं त्याला ब्रिस्टलचा जादूगार म्हटलं आणि आजही पुस्तकांत पानंच्या पानं त्याच्याच वाट्याला येतात. कंपनीचा अध्यक्ष जॉन होता, पण हिशेब सांभाळणाऱ्याची कीर्ती होत नाही. घराघरात हे आपण बघतोच. मला विचाराल तर नॅटच्या जादूला जागा, लाकूड आणि पगार पुरवणारा माणूस अर्धा जादूगार होताच.

सुरुवातीला त्यांचं नाव झालं ते वाफेच्या वेगवान बोटींनी. १८८५ च्या जूनमध्ये त्यांच्या ‘स्टिलेटो’नं हडसन नदीवर ‘मेरी पॉवेल’ या नावाजलेल्या वेगवान आगबोटीला मागे टाकलं आणि पेपरांत बातम्या झळकल्या. दोन वर्षांनी अमेरिकी नौदलानं ती विकतच घेतली. पण १८८८ मध्ये ‘से व्हेन’ नावाच्या बोटीच्या चाचणीत बॉयलरचा अपघात झाला. एक माणूस दगावला. बोट चालवत होता नॅट. त्याचं वाफेचं इंजिन चालवायचं लायसन्स गेलं. आणि मग दोघा भावांचा मोर्चा पुन्हा लहानपणच्या खेळाकडे वळला, शिडाच्या बोटींकडे.

शर्यतीच्या आणि हौसेच्या अशा बोटीला यॉट म्हणतात. शब्द मूळचा डच. पाठलाग करणारी, शिकारी बोट असा त्याचा अर्थ. या यॉटींची सगळ्यात मानाची शर्यत म्हणजे अमेरिका कप, १८५१ पासूनची. इंग्लंडनं आव्हान द्यायचं आणि अमेरिकेनं कप राखायचा. १८९३ मध्ये हेरेशॉफ बंधूंच्या ‘व्हिजिलंट’नं तो राखला. १८९५ मध्ये ‘डिफेंडर’नं. या डिफेंडरची गंमत ऐका. वजन कमी व्हावं म्हणून वरचं अंग ॲल्युमिनियमचं आणि पाण्याखालचं ब्राँझचं केलं होतं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंचेचं सार रात्रभर ठेवलं तर काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको! खाऱ्या पाण्यात दोन धातू शेजारी आले आणि ॲल्युमिनियम खात सुटलं. शर्यत जिंकली, पण बोट काही वर्षांत भंगारात गेली.

आणि मग आले लिप्टन. होय, चहावाले. लहानपणी आमच्याकडे लिप्टनचा डबा होता, चहा संपला की आई त्यात मोहरी ठेवायची. थॉमस लिप्टन ग्लासगोच्या गरीब आयरिश आईबापांचा मुलगा. किराणा दुकानांची रांग उभी केली, १८९० मध्ये सिलोनमध्ये चहाचे मळे घेतले, सर झाले. त्यांना हा कप हवा होता. १८९९ मध्ये ‘शॅमरॉक’ घेऊन आले, हरले. १९०१ मध्ये दुसरी शॅमरॉक, हरले. दोन्ही वेळा हेरेशॉफांची ‘कोलंबिया’ आडवी आली. १९०३ मध्ये तिसरी शॅमरॉक आणली, तेव्हा समोर होती ‘रिलायन्स’. काय बोट होती ती! एकशे त्रेचाळीस फुटांहून लांब आणि शिडांचं कापड सोळा हजार चौरस फुटांवर. मी हिशेब केला, जवळपास पंधरा गुंठे! एवढं कापड वाऱ्यावर धरायला साठाहून अधिक खलाशी लागायचे. लिप्टन पुन्हा हरले. ती बोट त्या एकाच मोसमापुरती बांधली होती, दहा वर्षांनी मोडली. एवढी मोठी यॉट बांधणाऱ्या कंपनीच्या मालकानं तिचं एकही शीड डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

चौथ्या वेळी लिप्टननी १९१४ साली शर्यत ठरवली. भावांनी ‘रिझोल्यूट’ तयार केली. पण त्याच उन्हाळ्यात पहिलं महायुद्ध पेटलं आणि शर्यत पुढे गेली. जॉन काही तेवढा थांबला नाही. २० जुलै १९१५ रोजी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तो गेला.

नॅट तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. आयुष्यभर ज्याचे डोळे होऊन राहिला, तोच गेला. पण गंमत अशी, की ठेचकाळला तो कारखाना. दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, कंपनी बाहेरच्यांच्या हाती गेली. १९२४ मध्ये लिलाव झाला, नवा मालक आला. रिझोल्यूटची शर्यत झाली १९२० मध्ये. पहिल्या दोन फेऱ्या लिप्टननी जिंकल्या, सगळ्यांचे श्वास अडकले, आणि मग रिझोल्यूटनं लागोपाठ तीन जिंकून कप राखला. १९३० मध्ये लिप्टन पाचव्यांदा आले आणि हरले. या वेळची बोट दुसऱ्याच माणसानं आखली होती, पण बांधली होती ब्रिस्टलच्या त्याच कारखान्यात. पुढच्याच वर्षी लिप्टन वारले. नॅट १९३८ पर्यंत होता, नव्वद वर्षं जगला. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना बंद झाला. नॅट जिथे बसून कोरायचा, ती मॉडेलची खोली मात्र संग्रहालयात आहे. भिंतीवर ओळीनं लावलेल्या अर्ध्या बोटी, लाकडी, गुळगुळीत.

ही सगळी गोष्ट मी सासूबाईंना चार दुपारी मिळून सांगितली. लिप्टन हरला की त्यांना वाईट वाटायचं, चहावाला म्हणून. जॉन मनात हिशेब कसा करायचा, हे मात्र त्यांनी दोनदा विचारलं. त्या महिन्याच्या शेवटी मी कॅलेंडर बघून दुधाचं बिल मांडत होते. त्यांनी झोपाळ्यावरूनच सांगितलं की, नवमीला नि एकादशीला दूधवाला आलाच नव्हता, दोन दिवस वजा कर. मी कॅलेंडर पाहिलं. दोन्ही दिवस मी लिहायला विसरले होते. आता दुधाचा हिशेब परत त्यांच्याकडे आहे. विळीचं अजून ठरायचंय.