चपला शिवणारे बॅरिस्टर

ईद जवळ आली की आमच्या गावात इफ्तारनंतर चपलांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. मी त्या गर्दीत सहसा जात नाही. माझ्या जुन्या कोल्हापुरीची वादी तुटली, म्हणून गेल्या रमजानमध्ये नाक्यावरच्या काकांकडे बसलो होतो. रोजा होता, कॉलेज लवकर सुटलं होतं आणि घरी जाऊन झोपण्याखेरीज दुसरं काम नव्हतं. काकांना म्हटलं, मला शिकवा. त्यांनी हसून एक रद्दी तुकडा आणि आरी हातात दिली. अर्ध्या तासात मी अकरा टाके घातले. त्यातला एकही दुसऱ्यासारखा नव्हता. कुठे भोक कडेला जास्त जवळ गेलं, कुठे दोरा सैल राहिला, आणि एकदा आरी सरळ अंगठ्यात. काकांनी तो तुकडा उलटा करून पाहिला आणि न बोलता बाजूला ठेवला.

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) आपली पादत्राणं स्वतःच्या हाताने दुरुस्त करत, हे हजरत आयेशांनी सांगितलेलं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ऐकणं आणि आरी हातात धरणं यातलं अंतर त्या दिवशी कळलं. त्याच संध्याकाळी मला आणखी एक माणूस आठवला. त्यानेही वयाच्या चाळिशीनंतर, आणि माझ्याइतक्याच अननुभवी हातांनी, चामडं शिवायला घेतलं होतं. फरक एवढाच की तो माझ्यासारखा अकरा टाक्यांवर थांबला नाही. महात्मा गांधींबद्दल बोलतो आहे.

1893 साली मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला या मेमण व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला, सुटाबुटातला तरुण. जातीने मोढ वाणी. समुद्र ओलांडला म्हणून ज्या जातीने त्यांना वाळीत टाकलं होतं, त्या जातीत कातड्याला हात लावणं ही कल्पनेपलीकडची गोष्ट होती. मेलेलं जनावर ओढणारा, ते सोलणारा, कातडं कमावणारा आणि शिवणारा, हे सगळे गावाबाहेरचे. आपल्याकडेही वेगळं नव्हतं. म्हणून पुढे जे घडलं ते छंद म्हणून पाहता येत नाही.

ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांना बोटांचे ठसे देऊन परवाने घेण्याची सक्ती झाली आणि 11 सप्टेंबर 1906 रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये हिंदू-मुसलमानांनी मिळून त्याविरुद्ध शपथ घेतली. मग तुरुंगवास सुरू झाले. अहमद मुहम्मद काछलिया हे मोठे व्यापारी. सत्याग्रहात पडले म्हणून गोऱ्या सावकारांनी एकदम पैसे मागितले. त्यांनी दिवाळं स्वीकारलं, पण चळवळ सोडली नाही. फेरीवाले, कारकून, मजूर तुरुंगात जात होते आणि मागे बायकामुलं उपाशी राहत होती. प्रत्येक घराला दरमहा पैसे देणं चळवळीला परवडेना. सगळी कुटुंबं एकत्र, कमी खर्चात राहतील अशी जागा हवी होती.

ती जागा दिली हर्मन कॅलनबाख यांनी. जर्मन ज्यू वास्तुविशारद, कसरतपटू, पैसेवाला माणूस. गांधीजींची गाठ पडली तेव्हा घरभाडं सोडून एकट्यावर महिन्याला बाराशे रुपये खर्च करणारा. पुढे त्याने तो खर्च एकशेवीसवर आणला. 1910 मध्ये त्याने जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर, लॉली स्टेशनजवळ, अकराशे एकर जमीन घेतली आणि सत्याग्रहींना बिनभाड्याने वापरायला दिली. हजारेक फळझाडं, दोन विहिरी, एक झरा आणि टेकडीच्या पायथ्याशी एक लहानसं घर. नाव ठेवलं टॉलस्टॉय फार्म. हे नाव चपलांच्या कथेतही बसतं, कारण काउंट टॉलस्टॉय स्वतः उतारवयात बूट शिवायला शिकले होते आणि त्यांनी शिवलेले बूट मित्र वापरत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते वारले.

फार्मवर साधारण चाळीस तरुण, तीन म्हातारे, पाच बायका आणि वीस-तीस मुलं होती. गुजराती, तमिळ, तेलुगू, उत्तरेकडचे. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती. नोकर एकही नाही. पत्र्याच्या खोल्या स्वतः बांधायच्या, पीठ हातजात्यावर दळायचं, मैला स्वतः पुरायचा. स्वतःच्या खासगी कामासाठी जोहान्सबर्गला जायचं असेल तर पायी. म्हणजे एकवीस मैल जायचं आणि एकवीस मैल यायचं. पहाटे दोनला उठून निघायचे लोक, शिदोरी बांधून.

एवढं चालायचं तर पायात काहीतरी हवंच. विकतचे बूट महाग, आणि त्यांच्यासोबत मोजेही आले. चप्पल करायला शिकावं असं ठरलं. पण शिकवणार कोण?

डर्बनजवळ पाइनटाउनच्या बाजूला मेरियनहिल नावाचा मठ आहे. 1882 साली स्थापन झालेला, ट्रॅपिस्ट पंथाच्या जर्मन कॅथलिक साधूंचा. हे साधू मौन पाळत, शाकाहारी राहत आणि हातांनी सगळे उद्योग करत. गांधीजींनी हा मठ 1895 मध्येच पाहिला होता आणि लंडनच्या व्हेजिटेरियन या पत्रात त्यावर लेखही लिहिला होता. पंधरा वर्षांनी तोच मठ उपयोगी पडला. कॅलनबाख शेकडो मैलांवरून तिथे गेले, साधूंकडून चपला करणं शिकले आणि परत येऊन त्यांनी गांधीजींना शिकवलं. गांधीजींनी मग फार्मवरच्या इच्छुकांना शिकवलं. म्हणजे एका ख्रिस्ती साधूचा हुन्नर एका ज्यू माणसाच्या हातून एका वैष्णव वाण्याकडे आला आणि तिथून मुसलमान, पारशी, तमिळ पोरांच्या हातांत गेला. मी हे वर्गात सांगितलं की मुलं वहीत साखळी काढतात.

चपलेचं काम वरून सोपं दिसतं. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने कड आखायची, तो आकार जाड चामड्यावर उतरवायचा, रापीने कापायचा. कापतानाच पहिली गंमत कळते. चामडं सगळीकडे सारखं नसतं. पाठीचा भाग घट्ट, पोटाचा सैल. पोटाकडचा तुकडा तळाला लावला तर महिन्याभरात चप्पल पसरते. मग चामडं ओलसर करून पट्ट्यांसाठी चिरा पाडायच्या, पट्टे आत घालून दोन तळांच्या मध्ये दाबायचे आणि कडेने शिवायचं. दोऱ्याला मेण लावलेलं हवं, नाहीतर तो भोकात घासून तुटतो. दोन सुयांनी शिवणारा दोऱ्याची दोन्ही टोकं एकाच भोकातून समोरासमोर नेतो. त्याचा एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. आमच्या नाक्यावरचे काका आरीच्या आकड्याने दोरा ओढून काढतात, ती रीत वेगळी. दोन्हींत नवशिक्याची चूक एकच. हात दुखायला लागला की तो दोरा कमी ओढतो, आणि ते चप्पल चालायला लागल्यावर दिसतं.

पट्टा कुठे बसवायचा हा प्रश्न गांधीजींना पडलेला दिसतो. त्या काळात पुतण्या मगनलालला लिहिलेल्या एका पत्रात ते सांगतात की सध्या बराचसा वेळ चपला करण्यात जातो, काम आवडतं आणि गरजेचंही आहे, सुमारे पंधरा जोड झाले आहेत. तुला हव्या असतील तर माप पाठव, आणि मापावर अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बाहेरच्या बाजूला पट्टा कुठे यायला हवा तिथे खूण कर. चळवळ चालवणारा, सरकारशी वाटाघाटी करणारा माणूस करंगळीजवळच्या खुणेचा विचार करत होता. पंधरा जोड झाल्यावर सुचणारी ही सूचना आहे. पहिल्या जोडात ती सुचत नाही, पहिल्या जोडात पट्टा चुकतो.

चपला जमू लागल्या तशा त्या मित्रांना विकायलाही सुरुवात झाली. आपल्या बऱ्याच शिष्यांनी आपल्याला सहज मागे टाकलं, अशी कबुली गांधीजींनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. शिक्षक म्हणून मला ही ओळ त्यांच्या पुष्कळ मोठ्या वाक्यांपेक्षा जास्त आवडते.

आता रमजानची गोष्ट. फार्म सुरू करताना गांधीजींसमोर स्वयंपाकघराचा पेच होता. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की ख्रिस्ती किंवा मुसलमान कुटुंबांनी मांस मागितलं, अगदी गोमांस मागितलं, तरी ते द्यावं लागेल. ज्यांचे पुरुष तुरुंगात आहेत त्यांच्यावर आपली आवड लादता येत नाही. त्यांनी बायकांना विचारलं. बायकांनीच एकत्र शाकाहारी स्वयंपाकघराला संमती दिली. पुढे एका वर्षी श्रावण आणि रमजान एकत्र आले. फार्मवर चार-पाच मुसलमान पोरं होती. ती नमाज पढतात की नाही याकडे गांधीजींचं लक्ष असे. त्यांनी त्यांना रोजे ठेवायला उत्तेजन दिलं, स्वतः प्रदोष धरले आणि हिंदू, पारशी, ख्रिस्ती मुलांनाही एकवेळ जेवण्याचं सुचवलं. या मुलांना पाण्याची मुभा होती आणि सूर्यास्तापर्यंत थांबण्याची अट नव्हती. त्यामुळे ती आधी मोकळी होत आणि रोजेदार मित्रांसाठी काहीतरी चांगलंचुंगलं रांधून वाढत. मांसाशिवायचा रमजान त्या मुलांना जड गेला असणार, पण त्यांनी कधी जाणवू दिलं नाही, असं गांधीजी कृतज्ञतेने नोंदवतात.

दिवसभर शेत आणि कारखाना, मग शाळा, आणि पोटात काही नाही. त्या मुलांचे हात आरीवर घसरले असतील का, हा माझा स्वतःचा प्रश्न. माझा घसरला होता.

1912 च्या अखेरीस पुण्याहून गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले आणि फार्मवरही राहिले. स्टेशनपासून दीड मैल चालावं लागलं, वाटेत पाऊस आला, त्यांना सर्दी झाली. त्यांच्यासाठी मुद्दाम उसनी खाट आणली होती. बाकी सगळे जमिनीवर झोपतात हे कळताच त्यांनी ती काढायला लावली. त्याच दौऱ्यात जोहान्सबर्गच्या कोकणी मुसलमानांना आणि काही महाराष्ट्रीय हिंदूंना गोखल्यांचं भाषण ऐकायचं होतं. गोखल्यांनी मराठीत बोलावं आणि आपण हिंदुस्थानीत भाषांतर करू, असा हट्ट गांधीजींनी धरला. गोखल्यांनी त्यांच्या हिंदीची आणि मराठीची यथेच्छ थट्टा केली, पण ऐकलं. त्या सभेनंतर पार झांझिबारपर्यंत अशा सभांत ते मराठीतच बोलले. उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत वाढलेल्या माझ्यासारख्याला हा प्रसंग चपलांच्या कथेतून वगळवत नाही, एवढंच त्याचं इथे कारण.

1913 च्या सुरुवातीला फार्म मोडला, पण हुन्नर हातात राहिला. त्या वर्षी मोठा लढा झाला. खाणकामगारांचा संप, ट्रान्सवालकडे निघालेला मोर्चा आणि नोव्हेंबरात अटक. शिक्षा देणाऱ्या सरकारातले प्रमुख मंत्री जनरल स्मट्स. तुरुंगातलं शिवणकाम गांधीजींना नवीन नव्हतं. 1909 मध्ये प्रिटोरियाच्या तुरुंगात फाटक्या घोंगड्यांचे तुकडे जोडायचं काम त्यांच्या वाट्याला आलं होतं. या वेळी त्यांनी चपलेचा एक जोड केला आणि सुटल्यावर तो भेट दिला. कोणाला, तर ज्याने तुरुंगात घातलं त्या स्मट्सना.

या भेटीवर पुष्कळ लोक गोड बोलतात. मला त्यात थोडी खट्याळ धिटाईही दिसते. आपल्याकडे पायताण भेट देणं ही साधी गोष्ट नाही, आणि एका सेनापतीला कैद्याने स्वतः शिवलेली चप्पल देणं तर मुळीच नाही. पण स्मट्सनी ती घातली. एकदा नाही, अनेक उन्हाळे घातली. तडजोड झाली, कायदा झाला आणि जुलै 1914 मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिका सोडून गेले, तरी चपला त्यांच्या शेतावर राहिल्या.

हिंदुस्थानात परतल्यावर गांधीजींनी चरखा जास्त धरला. पण कातड्याचा विषय सुटला नाही. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांचीच कातडी कमावण्याचं काम उभं केलं. ब्राह्मण घरातला माणूस कातडी कमावण्याच्या कामात उतरला होता.

1939 मध्ये गांधीजींची सत्तरी आली. राधाकृष्णन यांनी काढलेल्या गौरवग्रंथासाठी स्मट्सनी लेख लिहिला. त्यात त्यांनी कबूल केलं की या चपला आपण वर्षानुवर्षं वापरल्या खऱ्या, पण त्यांत उभं राहण्याची आपली योग्यता नाही. मग पंचवीस वर्षं जुना तो जोड त्यांनी शिवणाऱ्याकडे परत पाठवला. गांधीजी तेव्हा सेवाग्रामला राहत होते, नालवाडीपासून थोड्याच मैलांवर.